भरल्या पोटी गोळी

अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं. पण राग जात नाही, म्हणून लिहिते.

हर्णेच्या बंदरात कोळंबी सोलायला वाकून बसलं की छातीत आग व्हायची, घशाशी आंबट पाणी यायचं. डॉक्टरांनी पित्ताची गोळी लिहून दिली. कधी घ्यायची ते सांगितलं नाही, मीही लाजून विचारलं नाही. आमच्याकडे रीत एकच, औषध भरल्या पोटी. सासूबाई म्हणायच्या, "उपाशी गोळी गिळशील तर आतडी करपतील हो!" म्हणून मी दुपारी भात जेवून गोळी घ्यायची आणि लगेच आडवी व्हायची. कंबर दुखे, त्यासाठी औषधवाला वेगळी गोळी द्यायचा. "मावशी, ही रोज घ्या, पित्ताचीही चालू ठेवा." दोन वर्षं ठेवली. आग वाढतच गेली.

मग घास अडकायला लागला. मला वाटलं, कॅन्सरच. रत्नागिरीला दुर्बिणीने तपासायला पैसे नणंदेने दिले. ती मासळीची व्यापारी, जिभेची तिखट. "वहिनी, पोट बांगड्याएवढं नि खर्च पापलेटाचा!"

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही, जखम आहे. गोळी कधी घेता?"

"जेवल्यावर."

"अहो, ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची, अर्ध्या तासाने खायचं. कंबरेची बंद करा, तिनेच पोट जळतंय. दोन महिन्यांनी या, पित्ताचीही कायम घ्यायची की नाही ते बघू."

गोळी कधी घेता? एवढंच विचारायचं होतं. दोन वर्षांत एकानेही विचारलं नाही. कॅन्सरच्या भीतीत मी मुलीचं लग्न डोळ्यांनी बघेन का, म्हणून रडले होते!

परतल्यावर औषधवाल्याच्या दुकानात गेले, गोळी कधी घ्यायची ते का सांगितलं नाहीस, विचारलं. तो म्हणाला, "मावशी, कागदावर छापलेलं असतं."

"इंग्रजीत ना? मग तुझं तोंड कशाला आहे?" दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी शब्द मागे घेतला नाही.

महिन्याभरात घास सरळ उतरायला लागला. नणंदेचे पैसे मात्र थोडे थोडे फेडत होते. काल सुके बोंबील विकून उरलेले पैसे नेऊन दिले. तिने मोजून कनवटीला लावले नि म्हणाली, "सगळे फिटले हो, वहिनी."