उलट्या बाजूच्या गुंड्या

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझा हात आपोआप शर्टाच्या गुंड्यांकडे जातो.

मी तेव्हा परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या ठाण्याला फौजदार होतो. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. बंदोबस्तामुळे घर म्हणजे फक्त वर्दी धुवायला टाकायची जागा झालं होतं. बंदोबस्त उठला आणि थोडी रजा मिळाली. बायकोनं हातगाडीवरून माझ्यासाठी नवा शर्ट आणला होता. फिकट गुलाबी, कापड लोण्यासारखं. पण गुंड्या काही केल्या लागेनात, हात उलटाच पडे. शेवटी बायको समोर उभी राहिली आणि तिनं त्या भराभर लावल्या.

"फौजदारी करता आणि गुंडी लावता येत नाही," ती म्हणाली.

रजेत मी रोज तोच शर्ट धुऊन घालायचो आणि रोज तीच गुंड्या लावून द्यायची.

रजा संपायच्या आत जमादाराचा निरोप आला, साहेब, तातडीची फिर्याद आहे. मी तसाच त्या शर्टावर ठाण्यात गेलो.

फिर्यादी परभणीचा ठेकेदार होता. वालूरच्या बाजूच्या एका गावात त्यानं शिवणकेंद्र काढलं होतं. मुंबईच्या एका निर्यात कंपनीचं बेतलेलं कापड रेल्वेनं यायचं, गावातल्या बाया शर्ट शिवायच्या आणि ते बोटीनं परदेशी जायचे. उद्घाटनाला आलेले पाहुणे परकीय चलनावर बरंच बोलले होते. गावातल्या सासऱ्यांना परकीय चलनाचं काही नव्हतं. सून चार बायांत बसते आणि दिवेलागणीच्या आत घरी येते, एवढ्यावर त्यांनी होकार दिला होता.

आता शर्टांचे गठ्ठे गायब होते. सोबत आलेला मॅनेजर, जो जीपनं माल परभणीला पोचवायचा, ठासून सांगत होता, "साहेब, बायाच पदराखाली नेतात."

केंद्र सांभाळणाऱ्या बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. विधवा, स्वभावानं धीट. पण त्या माझ्या छातीकडेच टक लावून बघत होत्या. मी चिडलो. "बाई, वर बघून बोला."

"बोलते, पन साहेब रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगात आमच्याच केंद्राचा शर्ट हाय. आन त्यो बायांचा हाय. गुंड्या डाव्या अंगाला हायेत बघा."

जमादार भिंतीकडे तोंड करून खोकायला लागला. बायांच्या शर्टाच्या गुंड्या डावीकडे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. परदेशातल्या बाया उंच, म्हणून त्यांचं माप मला चपखल बसलं होतं.

"खबऱ्याची गरजच न्हाई साहेब," जमादार हळूच म्हणाला. "खबर अंगावरच हाय."

केसमधली पहिली जप्ती माझ्याच अंगावरून झाली. पंच बोलावले, शर्ट काढला, रीतसर पंचनामा झाला. वरिष्ठांना फोनवर कळवलं तर पलीकडून बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग ते म्हणाले, "जवाब तुमचाही घ्या."

बाई मात्र हसल्या नाहीत. जाताना दारात थांबल्या. "साहेब, माल न्हाई सापडला तरी आमी पुन्हा शिवून देऊ. पन चोरी आमच्या नावावर लागली तर एकबी सासरा सुनेला घराबाहेर पाठवायचा न्हाई. मग मशिनी हायेत तर काय आन न्हाईत तर काय."

हातगाडीवाल्याला गाठलं. त्यानं शर्ट बोरीकडच्या एका बड्या शेतकऱ्याकडून घेतले होते, उरलेले म्हणून. आम्ही त्या शेतावर गेलो. पाडवा नुकताच झालेला. पाडव्याला सालगड्यांचा वर्षाचा करार होतो आणि मालकानं गड्याला नवे कपडे करायची रीत आहे. आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यापाशी, बघतो तर सगळे गडी फिकट गुलाबी शर्टात. एक कडबा टाकतोय, एक बैल धुतोय, आणि सगळ्यांच्या गुंड्या डाव्या अंगाला.

"कपडा कसा आहे?" मी एकाला विचारलं.

"कपडा लय मऊ हाय साहेब. गुंड्याच वंगाळ. मी त्या काढीतच न्हाई, डोक्यातूनच घालायलोय."

मला त्याची युक्ती आधी सुचायला हवी होती.

मालक ओशाळला. "फौजदारसाहेब, त्या शिवणकेंद्राच्या मॅनेजरनंच आणून दिले. रिजेक्ट माल हाय म्हणला, कंपनी फेकूनच देणार हाय." कडब्याच्या आड उरलेले गठ्ठे न सोडता ठेवलेले सापडले. ते ताब्यात घेतले. गड्यांच्या अंगावरचे काढायचे होते, पण पाडव्याचा कपडा काढून घेणं मला बरं वाटेना. मालकाला सांगितलं, आधी गड्यांना नवे शर्ट आणा, मग पंचनामा. त्यानं निमूट आणले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला बोलावून समोर चहा ठेवला. खोटं बोलणारा माणूस विचारल्यापेक्षा जास्त सांगतो, हा माझा अनुभव. तो बायांबद्दल बोलत राहिला. पदर, पिशव्या, डबे. मी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे शर्ट आपल्याकडं कोण घालतं?"

"कोणीच नाही साहेब. बायांचे आहेत, आणि आपल्या बाया कुठं शर्ट घालतात?"

"मग बायांनी नेऊन काय केलं असतं? विकायला बाजारात न्यायला जीप कोणाकडं होती?"

तेवढ्यात बोरीचा मालक जवाब द्यायला आत आला आणि त्याला बघून म्हणाला, "काय मॅनेजर, रिजेक्ट म्हणला होतात ना?" ओळख परेडीची गरज पडली नाही. चहा तसाच राहिला.

कोर्टाच्या हुकमानं गठ्ठे केंद्राला परत मिळाले. वापरलेल्यांच्या जागी बायांनी नवे शिवले आणि माल गेला. ठेकेदार आभार मानायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "बायांचं नाव साफ आहे, हे गावात पारावर जाऊन तुम्ही सांगा. मी सांगितलं तर लोक म्हणतील, पोलिसांनी सोडलं." तो गेला, बोलला. सासरे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मशिनी पुन्हा खडखडू लागल्या. मी मुद्दाम जीप थांबवून तो आवाज ऐकला.

चोरीत माल कोणाच्या हाताखालून गेला हे सगळेच बघतात. तो कोणाच्या उपयोगाचा, हे आधी बघावं, हे मी तिथं शिकलो. आणि बाई पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर पडली की संशय तिच्याही आधी बाहेर येऊन बसलेला असतो, हेही. ते केंद्र पुढं कधी बंद पडलं, मला कळलं नाही. आता नातवंडांना कपडे घेताना मी आधी गुंड्या कुठल्या बाजूला आहेत ते बघतो, आणि ती हसतात.

पण शर्ट जप्त झाला त्या संध्याकाळी घरी कोणी हसलं नाही. जमादाराचा जुना खाकी शर्ट घालून मी आलो आणि सगळं सांगितलं. चोरीचा माल घरात आणल्याबद्दल बायको घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, ती उलटली. मग म्हणाली, "शर्ट गेला त्याचं काही नाही. गुंड्या लावायच्या निमित्तानं तुम्ही रोज घटकाभर माझ्यासमोर उभे राहत होतात."