सोललेली वायर

दवाखान्यातला वायरमन कुणाच्या अध्यात ना मध्यात. ड्यूटीवर आला की टेस्टर खिशाला लावायचा, पॅनेलच्या खोलीत एक चक्कर मारायचा आणि मग दिवसभर कुठला पंखा कुरकुरतोय, कुणाच्या खाटेवरचा दिवा डोळे मिचकावतोय, त्या हाकेला धावायचा. बोलणं बेताचंच. पण एका गोष्टीवरून तो वर्षातून एकदा सगळ्यांच्या तोंडी असायचा. सणाच्या कामाला तो हात लावत नसे.

त्यांचा पंथ लहानसा. सणवार, आरास, रोषणाई त्यांच्यात बसत नाही. देव रोजचाच आहे. त्याच्यासाठी एकच दिवस नटवला तर बाकीचे दिवस काय त्याचे नाहीत, असं वडिलांनी त्याला लहानपणी सांगितलं होतं, आणि ते त्याच्या हाडीमाशी मुरलं होतं. दवाखान्यात मात्र दरवर्षी सणाला समोरच्या गॅलरीवर दिव्यांच्या माळा चढत, आणि माळा म्हटल्या की काम वायरमनचं. आधीची काही वर्षं तो रजा टाकून निसटला. त्या वर्षी रजा मिळेना, तेव्हा देखभालीच्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, दुप्पट काम सांगा. सणाच्या दिवशी मी एकटा ड्यूटी करतो, बाकीच्यांना सोडा. पण माळा नकोत."

साहेबांनी त्याला जरा वेळ न्याहाळलं. माणूस कामाचा होता. "बरं. तुझ्या धर्मात मी कशाला नाक खुपसू? फिटरला सांगतो."

फिटर म्हणजे नळ आणि पंप सांभाळणारा. सगळे त्याला मामा म्हणत. मामांचा हात जड, आवाज त्याहून जड, आणि थट्टेला तर काही धरबंधच नाही. वायरमनला ते 'महाराज' म्हणत. माळांचं काम आपल्या गळ्यात आलंय हे कळल्यावर त्यांनी स्टोअरच्या दारात सगळ्यांदेखत त्याला गाठलं.

"काय महाराज, आम्ही नरकात जायचं आणि तुम्ही स्वर्गात वारा खात बसायचं, असं ठरलंय म्हणे. असू दे. नरकातही नळ गळतच असतील, माझी नोकरी कुठे जात नाही."

सगळे खो खो हसले. वायरमनही ओशाळून हसला, पण ते त्याला लागलं.

त्याच दुपारी तो बल्बचा होल्डर आणायला स्टोअरमध्ये गेला. माळांचं खोकं उघडंच होतं आणि एक माळ बाहेर लोंबत होती. बघायचं नाही म्हटलं तरी त्याची नजर तिथे गेलीच. पिनेपासून वीतभर अंतरावर वायरचं आवरण तडकलं होतं आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. त्याचा हात आपसूक खिशातल्या टेपकडे गेला आणि तिथेच थांबला. हात लावायचा नाही, असं आपणच सांगून आलो ना? मग आता कशाला?

तोंड उघडायला कुणाची मनाई नव्हती. मामा दाराबाहेरच उभे होते, मघाचीच गंमत झाडूवालीला पुन्हा रंगवून सांगत होते. 'एवढी अक्कल आहे तर बघतील की स्वतःच,' असं त्याच्या मनात आलं. होल्डर घेऊन तो त्यांच्या बाजूनं निघून गेला. तोंडातून ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या वॉर्डात पंख्याचं काम करत असताना खाली काहीतरी धाडकन पडलं आणि पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "मेन बंद करा, मेन!" तो धावला, खटका खाली ओढला, गॅलरीत आला. मामा शिडीपाशी आडवे पडले होते, उजवा हात अंगाखाली मुडपलेला. माळ लागते का ते पाहायला त्यांनी ती चालूच ठेवली होती. झटक्यानं त्यांना शिडीवरून फेकलं होतं. जीव वाचला, मनगटाचा मात्र चुरा झाला.

त्या दिवशी ज्यानं त्यानं वायरमनला गाठून एकच सांगितलं, की तुमच्या देवानं तुम्हाला वाचवलं. आयाबाईंनी तर त्याला हातच जोडले. आठवड्याच्या सभेत पंथातल्या वडीलधाऱ्यांनीही प्रार्थनेत तेच म्हटलं. देव आपल्या माणसांना राखतो म्हणाले. सगळ्यांनी माना झुकवल्या. प्रार्थना संपली तरी वायरमनला मान वर करवेना.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तो ताटातलं नुसतं चिवडतोय हे ती कधीपासून बघत होती. शेवटी त्यानं सगळं सांगून टाकलं. तिनं हातातला सदरा बाजूला ठेवला.

"सणाला हात लावू नका, हे देवानं सांगितलंय. मान्य," ती म्हणाली. "पण माणसाला सावध करू नका, असं कुठे सांगितलंय हो?"

"मला राग आला होता त्यांचा."

"मग रागाचं नाव रागच घ्या. देवाला मध्ये घालू नका."

मामांना त्याच दवाखान्यात ठेवलं होतं. वायरमन दोनदा वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन परतला. तिसऱ्या खेपेला आत जाऊन उभ्याउभ्याच बोलला. "मामा, ती वायर सोललेली होती. मी आदल्या दिवशी बघितली होती. बोललो नाही."

मामा काहीतरी थट्टा करतील, शिव्या तरी देतील, असं त्याला वाटलं होतं. त्यांनी प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं.

"मी दारातच होतो रे," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मग तो साहेबांकडे गेला. साहेब वैतागले. "चौकशी मिटली आहे. जुना माल, अपघात, संपलं. आता हे उकरून काढलंस तर तुझी माळांची सवलतही जाईल, कळतंय का?" कळत होतं. तरी त्यानं चौकशीच्या कागदांत आपलं म्हणणं लिहून दिलं. ताकीद मिळाली, सवलत कशीबशी राहिली.

पुढच्या वर्षी सणाच्या बऱ्याच आधी त्यानं सगळ्या माळा टेबलावर पसरल्या, एकेक तपासली, खराब होत्या त्या कापून टाकल्या. चढवल्या मात्र दुसऱ्यांनी. ही गोष्ट सभेत पोचलीच. तपासणं म्हणजे सणाची चाकरीच झाली, असं वडीलधाऱ्यांनी सुनावलं. त्यानं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. ते चुकीचं बोलतायत असंही त्याला छातीठोकपणे म्हणता येईना. पण माळा तपासणं त्यानं पुढेही सोडलं नाही.

मामा कामावर परतले होते, पण त्याच्याशी बोलत नव्हते. 'महाराज' ही हाक बंद झाली. ती आता त्याला हवीहवीशी वाटे आणि याची त्याला लाजही वाटे. जेवणाच्या सुट्टीत मामा डाव्या हातानं डबा उघडत, आणि तो दुसरीकडे बघे.

मग एकदा पंपाची मोटर बघायला तो खाली गेला, तर मामा पाइपाशी बसून पान्याशी झटत होते. उजव्या हाताची मूठ वळत नव्हती, पाना सारखा निसटत होता. तो दारातच घुटमळला.

"उभा काय राहिलास? ये, हा नट आवळ."

तो गुडघ्यावर बसला आणि जीव खाऊन पाना फिरवू लागला.

"हळू. आटे जातील," मामा म्हणाले. त्यानं जोर कमी केला. गळती थांबेपर्यंत दोघं तिथेच बसून होते.