पळसाच्या देठांचा नवरा

हट्टापायी माणसं काय काय घालवून बसतात, ते बघायचं असेल तर माळव्यात धारेतल्या त्या दोघा भावांकडे बघावं. थोरले चिंतामणराव, धाकटे मोरोपंत. घराण्याकडे संस्थानच्या दफ्तरातली एकच जागा होती, ती बापामागं थोरल्याकडे आली. धाकटा आपला थोरल्याच्या हाताखाली कागदांचे रुमाल बांधी आणि सोडी. चोवीस वर्षांचा घोडा झाला तरी गावात त्याला कुणी नावानं ओळखेना. 'चिंतामणरावांचा भाऊ', संपलं. संवत छप्पनचा दुष्काळ पडला त्या साली एक दिवस जेवताना तो म्हणाला, "दादा, मी मुंबईला जातो."

थोरले हसले. "जा की! तिथं पायरीवर बसायचंही भाडं पडतं म्हणे. चार महिन्यांत परत येशील. महूच्या स्टेशनावर टांगा पाठवायला आत्ताच सांगून ठेवू का?"

एवढंच बोलले. पण हसले ना, तिथं घात झाला. मोरोपंतानं पानावर बसल्या बसल्या जानव्याला हात लावला. मुंबईत स्वतःची खोली झाल्याशिवाय धारेला तोंड दाखवणार नाही, आणि पत्राचा एक तुकडाही टाकणार नाही! आता त्या घराण्यात जानव्याला हात लावून बोललेलं मोडायची रीत नव्हती. शहाणपणाची तरी कुठं होती म्हणा. स्वयंपाकघराच्या दाराआड त्याची बायको सुमंगला वाढायची पोळी हातात घेऊन उभी होती. सतरा वर्षांची पोर. तिला कुणी काही विचारलंच नाही. शपथ घेतली नवऱ्यानं, आणि ती निभवायची आली हिच्यावर.

दोन वर्षांनी मुंबईहून आलेल्या एका धारकरानं सांगितलं, प्लेगानं गिरगावातल्या चाळीच्या चाळी रिकाम्या झाल्या, मोरोपंत होते त्या चाळीतली निम्मी माणसं गेली, उरली ती पांगली. मोरोपंतांचं काय? ते त्याला ठाऊक नव्हतं. झालं, घरात अर्धं सुतक बसलं ते उठेचना.

पण सुमंगलेनं कुंकू पुसलं नाही. सासूबाई, ज्यांना सगळे माई म्हणत, त्याही म्हणाल्या, "पुसू नकोस, माझा मोरू आहे." मग या दोघींचा एकच उद्योग. मुंबईहून कुणी आलं कळलं की माई काठी टेकत त्याच्या घरी जायच्या आणि सुमंगला मागं पदर सावरत. माई विचारायच्या, आमचा दिसला का? नाही दिसला म्हटलं की विचारायच्या, मग माणसं तिथं राहतात तरी कशाला? प्रत्येकाचं उत्तर निराळं. कुणी म्हणे, समुद्रावर ऊन असं पडतं की बघत राहावं, थंडी म्हणून माहीत नाही. कुणी म्हणे, ऊन कसलं घेऊन बसलात, अंगावर मीठ साचतं, आणि निम्मा पगार चार भिंतींना जातो. एक म्हातारा शाळामास्तर खरं बोलला. तो म्हणाला, "माई, भाडं परवडत नाही म्हणून माणूस परत येतो, आणि परत यायची लाज वाटते म्हणून राहतो. दुसरं काही नाही." सुमंगलेला त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं. लाज वाटणारा माणूस जिवंतच असणार, नाही का!

अशी बारा वर्षं गेली. बारा म्हणजे बारा. आणि शास्त्रीबुवा घरी आले. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला गेला समजावं, पळसाच्या तीनशे साठ देठांचा पुतळा करावा, डोक्याच्या जागी नारळ ठेवावा, आणि अग्नी द्यावा. नाही दिला तर जीव अधांतरी फिरत राहतो, पाण्यावाचून. हे शेवटचं वाक्य माईंनी ऐकलं आणि त्या खचल्या. दिसायचं बंद झालं होतं, दिवस भरत आले होते. रोज रात्री सुमंगलेचा हात धरून म्हणायच्या, "त्याला तहान लागली असेल गं. मी गेल्यावर कोण देणार त्याला पाणी?"

सुमंगलेचा विश्वास बसला नव्हता. शेवटपर्यंत बसला नाही. पण म्हातारीचा जीव तडफडताना बघवेना. एक दिवस ती दाराआडून दिराला म्हणाली, "माईंच्या मनासारखं होऊ दे." तेवढे चार शब्द. पुढं जन्मभर ते तिला टोचत राहिले.

वैशाखात धामनोदवरून नर्मदेवर जाऊन चिंतामणरावांनी पुतळा जाळला. दहाव्या दिवशी शालिग्राम न्हावी आला. तीस वर्षांचा तिचा तो केसांचा भारा त्यानं खाली मान घालून उतरवला. अंगावर लाल आलवण आलं. सुमंगला रडली नाही. बायका म्हणाल्या, काय दगडाचं काळीज! अगं बायांनो, जिला तो मेलाय असं वाटतच नाही, ती रडेल कशाला?

माई श्रावणात गेल्या, मुलाला पाणी मिळालं या समाधानात. आणि आश्विनात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दारात टांगा थांबला.

सुमंगला अंगणात तुळशीपाशी सारवत होती. कोट घातलेला, कानांवर केस पांढरे झालेला एक माणूस आत आला. चेहरा असा हसरा की जणू बक्षीस जिंकून आलाय. आलवण नेसलेल्या, बोडक्या बाईकडे त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही. कुणी लांबची आत्या-मावशी असेल असं वाटलं असावं. अदबीनं म्हणाला, "काकू, जरा आमच्या मंडळींना बाहेर बोलावता का?"

आवाज तिनं ओळखला. शेणाचा हात तसाच वर राहिला. तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "मीच ती."

मोरोपंत मटकन खालीच बसले. कोटाच्या खिशात हात घालून त्यांनी किल्ली काढली, तिच्याकडे बघितलं, आणि ती पुन्हा खिशात ठेवली. मग अंगणभर ऐकू जाईल असं ढसाढसा रडले. ते रडताना तिला वाटलं, धावत जाऊन पाठीवर हात ठेवावा. पण तेवढ्यात चिंतामणराव बाहेर आले आणि ओरडले, "शिवू नका! याचे दिवस झालेत."

झालं, जिवंत माणूस दारात आणि घर म्हणतंय तू मेलायस. दोन दिवस तो ओट्यावर जेवला, वरून पाणी ओतून घेत. शेवटी शास्त्रीबुवांनी तोड काढली. शास्त्रात याला उपाय आहे. दिवस झालेला माणूस परत आला तर त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. तुपानं न्हाऊन जातकर्म, मग बारसं, मग मुंज, आणि शेवटी लग्न, त्याच बायकोशी. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून बारसं बघायला आल्या. छत्तीस वर्षांच्या बाप्याच्या कानात नाव सांगितलं, मोरेश्वर. एक टारगट ओट्याखालून ओरडला, "भिया, दूध पी लियो के?" मोरोपंतांनी सगळं सोसलं. मुंजीत पुन्हा लंगोटी नेसले, भिक्षा मागितली. बारा वर्षांची शपथ फेडून आलेला माणूस, त्याला एवढ्याचं काय?

गाडं अडलं ते लग्नापाशी. मुहूर्त मार्गशीर्षापुढचा, ते एक. पण नवरी बोहल्यावर उभी राहायची कशी? डोक्यावर काळा दोराही नाही. चिंतामणराव म्हणाले, "खोपा घालता येईल एवढे केस तरी येऊ देत. गावात तोंड दाखवायचंय मला." हो, महूला टांगा पाठवू म्हणणारं तोंड ते!

इकडे मोरोपंतांची रजा संपत आली. खोलीला महिनाभर कुलूप दिसलं की मालक ती दुसऱ्याला देतो, असल्या खोलीसाठी दारात दहाजण उभे असतात. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते ओसरीवर बसले, सुमंगला दाराच्या आत. बारा वर्षांनी पहिल्यांदा नवराबायको बोलली.

तिनं विचारलं, "इकडून एक ओळही का आली नाही?"

आधी म्हणाले, प्लेगाच्या छावणीत होतो. मग म्हणाले, सहाजणांत एका खोलीत निजत होतो, काय लिहिणार? मग म्हणाले, तिथं सकाळी समुद्रावर गेलं की उन्हात सगळं विसरायला होतं. शेवटी खाली बघत म्हणाले, "दादा हसेल म्हणून."

मग मोरोपंत दाराकडे सरकले. "सुमंगला, चल. अशीच चल. आज संध्याकाळी टांगा सांगतो. तिथं लग्न झालं का, केस कुठं गेले, कुणी विचारत नाही. तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. सकाळचं ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं."

तिचा जीव केवढा ओढला गेला! उठलीसुद्धा होती. पण धारेत जन्म काढलेली बाई, कुणी विचारत नाही अशी जागा जगात असते हे तिला खरं वाटेना. तिनं बोडक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "अशी येऊ? पहिल्यांदा तुमच्या घरात पाऊल टाकायचं ते या आलवणात? बारा वर्षं थांबले मी. दीड वर्ष तुम्ही थांबा. कुंकू लावून येईन."

चुकली ती. पण तिला दोष तरी कुठल्या तोंडानं द्यायचा?

मोरोपंत एकटेच गेले. आता मात्र दर आठवड्याला पत्र यायला लागलं. सुमंगलेला वाचता येत नव्हतं, चिंतामणराव ओसरीवर मोठ्यानं वाचत. खिडकीला पडदा लावला. शेजारच्या बाया विचारतात, वहिनी कधी येणार? मधेच थोरल्यांचा आवाज अडखळे, ते खाकरत आणि 'बाकी सर्व कुशल' म्हणून कागद मिटत. काय गाळलं असेल याचा विचार करण्यात सुमंगलेचे पुढचे सात दिवस मजेत जात. शालिग्राम महिन्याच्या महिन्याला दारात येई. ती हसून हातानंच परत पाठवी. तोही खूष. म्हणे, "बाईसाब, भगवान करे म्हारो काम अब नी पड़े." डोक्यावर आधी खुंट आले, मग मुलग्यासारखे केस, मग मानेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. वैशाखाचा मुहूर्त निघाला. तिच्या धाकट्या बहिणीनं, बकुळेनं, हिरवं लुगडं धाडलं. ते ती रोज उलगडून पाही आणि पुन्हा घडी घाली.

चैत्रात पत्र आलं, पण अक्षर निराळं. चिंतामणरावांनी ते मोठ्यानं वाचलं नाही. चाळीतल्या शेजाऱ्यानं लिहिलं होतं. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी गेले. सोनापूरच्या स्मशानात उरकलं. खोली मालकानं दुसऱ्याला दिली, सामान घेऊन जावे.

सुमंगलेनं हंबरडा फोडला. बारा वर्षांत जे रडली नव्हती ते सगळं एकदम बाहेर आलं. जमिनीवर डोकं आपटू लागली, "मी का नाही गेले हो! तशीच का नाही गेले!" शेजारच्या भिंतीपलीकडच्या बायाही रडल्या.

आणि शास्त्रीबुवा आले. त्यांनी विचार करून सांगितलं की सुमंगलेला सुतक नाही. म्हणजे काय? तर ज्या मोरोपंताशी तिचं लग्न लागलं, त्याचे दिवस दोन वर्षांमागंच यथासांग झाले. हा जो आता वारला त्यानं नवा जन्म घेतला होता, त्याची मुंज झाली होती, लग्न झालं नव्हतं. तो ब्रह्मचारी वारला. त्याचं चिंतामणराव भाऊ म्हणून करतील. बाईनं दहा दिवस वेगळं बसायचं कारण नाही. तिचा त्याच्याशी संबंध नाही. केस मात्र आता ठेवण्यात अर्थ नाही, ते काढून टाकावेत.

ऐकलंत? ज्याच्यासाठी चौदा वर्षं जळली, त्याच्या मरणाला तिनं रडायचंसुद्धा नाही! ती कुणीच नाही त्याची!

चिंतामणरावांनाही ते ऐकवलं नाही. म्हातारा माणूस, खांबाला धरून म्हणाला, "बाई, केस राहू देत तुझे. मी बघतो कोण काय बोलतं ते." जन्मात पहिल्यांदा भल्याचं बोलले, तेही किती उशिरा.

सुमंगला उठली. डोळे पुसले. दिरासमोर कधी उघड्यानं न बोललेली बाई, ओसरीवर आली आणि म्हणाली, "शालिग्रामला बोलवा."

शालिग्राम आला. तिनं मागीलदारी पाट मांडला, अंबाडा सोडला आणि बसली. त्यानं वस्तरा काढला आणि पुन्हा धोकटीत ठेवला. "म्हारा से नी होय, बाईसाब," तो म्हणाला आणि धोकटी उचलून उठला.

"बस," सुमंगला म्हणाली. "पहिल्या वेळी पळसाच्या देठांसाठी केलंस ना? आज माझ्या नवऱ्यासाठी कर."