मायच्या संदेशातला अर्धविराम

माझ्या मायने आयुष्यात कधी 'शे' लिहिलं नाही. आमच्या बोलीत 'आहे' म्हणजे 'शे', ते बोलायची मात्र दिवसभर. चहा तयार शे, ऊन भलतं शे, तुना बाप कोठे शे. पण हातात मोबाईल आला की बाई एकदम सावरून बसायची आणि 'आहे' लिहायची. लागेल तिथे लिहायची, नको तिथेही लिहायची. 'जेवण झाले आहे का आहे'. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, सगळा मजकूर एका दमात.

याला कारण नाना, म्हणजे माझे वडील. दोंडाईच्याच्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाले तरी हातातला खडू काही सुटला नाही. माय स्वयंपाकघरातून 'भाजी शिजेल शे' म्हणाली की हे बाहेरच्या ओट्यावरून ओरडणार, 'शे नव्हे, आहे!' चाळीस वर्षं हेच. माय हसायची आणि 'बरं, आहे शे' म्हणायची. मीही हसायचे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मी जळगावला कॉलेजात शिकवते. पीएचडीला विषय घेतला होता मोबाईलवरच्या संदेशांतली लबाडी. माणूस खोटं लिहायला बसला की त्याचे शब्द कसे बदलतात, त्यात माया, राग, भीती कुठे डोकावते, हे मी बघत होते. लोकांकडून खरेखोटे संदेश मागून घ्यायचे आणि एकेक शब्द तक्त्यात मांडायचा. 'अचानक जास्त माया दिसली की सावध व्हा,' असं वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की पोरी मला 'लबाडी मॅडम' म्हणायच्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

प्रबंध झाला होता. तोंडी परीक्षा तेवढी शुक्रवारी होती. त्याच्या आधीच्या सोमवारी मायने फोन उचलला नाही. थोड्या वेळाने तिच्या नंबरवरून संदेश आला: 'बेटा, मना घसा बसेल शे. बोलता येत नही. तू अभ्यास कर. बठ्ठं बरं शे.'

मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले. अगं बाई, माय चक्क 'शे' लिहायला लागली! 'सगळं' नाही, 'बठ्ठं'! शेजारच्या मॅडमना वाचून दाखवलं, तर त्याही खूश. मला इतका आनंद झाला की मी लगेच उत्तर पाठवलं, 'असंच लिहीत जा. नानांना मुळीच घाबरू नको.'

त्यावर बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, 'बरं.'

मंगळवारी आणि बुधवारी सकाळ-संध्याकाळ संदेश येत राहिले. 'जेवनी का, बेटा?' 'गाडी हळू चालाव.' अख्ख्या वर्षात मिळाली नसेल एवढी माया त्या तीन दिवसांत मिळाली, आणि लबाडी मॅडम ती गटागट पीत बसल्या. एकदाही मनात पाल चुकचुकली नाही.

गुरुवारी दुपारी संदेश आला: 'उद्या घाबरू नको; तू हुशार शे.'

मी वाचला. पुन्हा वाचला. 'नको'च्या पुढे अर्धविराम होता.

माय आणि अर्धविराम? तिला तो दाखवला असता तर मोबाईलच्या काचेवर डाग पडला म्हणून तिने पदराने पुसला असता. मी मागचे सगळे संदेश वर सरकवत गेले. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. प्रत्येक 'बेटा'ला जिथल्या तिथे स्वल्पविराम. बोली मायची होती आणि विरामचिन्हं नानांची.

मी नानांना फोन लावला. "नाना, माय कुठंय?"

"झोपली आहे."

"उठवा तिला."

"अगं, तिचा घसा..."

तेवढ्यात त्यांच्या मागून एका बाईचा आवाज आला, "सात नंबरना नातेवाईक कोण शे? औषध आणा लवकर!"

आमच्या घरात सात नंबर कुठून आला? मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ओरडले, "खोटं बोलू नका हो नाना! जिवंत आहे का ती?"

नाना म्हणाले, "आहे. धुळ्याला ये, सरकारी दवाखान्यात."

जळगावहून धुळ्याला एसटीने दोन-अडीच तास लागतात. एरंडोल गेलं, पारोळा आला, तिथे कंडक्टर चहाला उतरला तर त्याची मानगूट धरावीशी वाटली. गाईड मॅडमना फोन करून सांगितलं, उद्या येत नाही. त्या काहीतरी विचारत होत्या, मी फोन ठेवला. एकच विचार डोक्यात फिरत होता. ज्या माणसाने चार दिवस खोटं लिहिलं, त्याचं आत्ताचं 'आहे' तरी खरं कशावरून? मायचे संदेश पुन्हा उघडावेत असं वाटलं आणि भीतीही वाटली. ते मायचे नव्हतेच.

वॉर्डाच्या दाराशी नाना उभे होते. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. रोज इस्त्री लागणारा माणूस! आत माय होती. लकव्याने तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात चादरीवर टाकून दिल्यासारखा पडलेला. डॉक्टर म्हणाले, "त्यांना समजतं सगळं. फक्त जीभ वळत नाही. बोलणं परत येईल की नाही, आज सांगता येणार नाही. तुम्ही प्रयत्न करत राहा."

मी नानांना बाहेर ओढलं. "सोमवारपासून! सोमवारपासून मला मूर्ख बनवलंत! तिला काही झालं असतं तर?"

"तुझी परीक्षा बुडवली असती तर तिने मला माफ केलं नसतं."

"मग स्वतःच्या नावाने लिहायचं. तिच्या नावाने का? आणि ते 'शे' कशाला?"

"तिचा आवाज गेला ना गं," नाना म्हणाले. "तसं लिहिताना कानात येत होता."

माझा राग गेला नाही.

आत गेलो. मी म्हटलं, "माय, मी आले." तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. नाना तिच्यावर वाकले, "बोल गं. काहीही बोल. तुझं ते 'शे' म्हण, मी काही म्हणणार नाही." मायचे ओठ थरथरले, घशातून नुसती हवा आली. तिने मान फिरवली. नानांचा चेहरा बघवेना.

मला काय सुचलं कोण जाणे. मी तिचा मोबाईल नानांच्या खिशातून काढला आणि तिच्या डाव्या हाताखाली धरला. समोर नानांचेच संदेश होते. माय ते वाचू लागली. किती तरी वेळ वाचत होती. मग एक बोट उचललं आणि खालच्या रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर शोधून दाबायला लागली. बोट घसरायचं, भलतंच अक्षर पडायचं, ती पुसायची आणि पुन्हा दाबायची.

'मी बरी शे' एवढं झालं. मी रडायलाच लागले. पण माय थांबली. तिने 'शे' पुसलं. पुन्हा बोट फिरवत बसली, घाम आला तिला. आणि लिहिलं, 'मी बरी आहे'.

पूर्णविराम नव्हता. ही मायच होती.

तिने मोबाईल माझ्याकडे नाही, नानांकडे ढकलला, आणि बरोबर लिहिलं का म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

नानांनी चष्मा काढला. वाचलं. खाली बसले आणि तिचा हात कपाळाला लावला.

"चूक," ते म्हणाले. "चूक शे. बठ्ठं चूक शे."