गोराईला गेलेली आई

आमच्या घरात मी लिहायला बसले की "आई गोराईला गेली" असं म्हणतात. शोध माझ्या मुलीचा. बोरिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत लावून घेता येईल असं दार एकच, ते बाथरूमचं. म्हणून दुपारची जेवणं आटोपली की मी स्वयंपाकघरातल्या फोल्डिंग टेबलाशी बसायची, आणि मी बसले रे बसले की दोन्ही मुलं सुरू. आई, चार्जर कुठंय? आई, ही मला चिडवतेय. आई, माशीला दात असतात का? माझ्या कादंबरीतली बाई आठवडाभर जिन्यातच उभी होती. तिला काही मी घरात घेऊ शकत नव्हते.

एकदा वैतागून मी स्कूटरवर जाताना बांधते तो स्कार्फ घरातच तोंडाला गुंडाळला आणि म्हटलं, "मी बाहेर गेलेय. विषय संपला." मुलगी पाचवीत, नाटकी नंबर एक. तिने धाकट्याला लगेच समजावलं, "आई गोराईला गेली. बोट परत येईपर्यंत हाक मारायची नाही. खाडीपलीकडे ऐकू जात नाही." ज्युनिअर केजीतल्या धाकट्याने गंभीरपणे मान डोलावली. स्कार्फ सुटला की बोट लागली, असा कायदा झाला. आणि तो इतका झकास चालला की मलाच खरं वाटेना. पंख्याखाली तोंड बांधून बसलेली मी कशी दिसत असेन, ते जाऊ दे. कादंबरीतली बाई घरात आली, तिने चहासुद्धा टाकला.

सगळ्याची वाट लावली मासेवालीने. ती खरोखरीच गोराईची. एरवी सकाळी येते, त्या दिवशी तिला उशीर झाला होता. धाकट्याने दार उघडलं.

"आय कुठंय रं तुझी?"

"गोराईला गेलीय."

"अरं, मी तिथूनच आले. मला कुठं दिसली नाय ती?" असं म्हणत तिने आत डोकावलं. "ही काय बसलीय. तोंड बांधून काय करतेस गं घरात?"

मुलगी हसून हसून लोळली. मीही स्कार्फ सोडला, बोंबील घेतले. धाकटा मात्र हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या लिहायच्या वेळी तो टेबलाच्या पायाशी येऊन बसायला लागला. काही विचारायचा नाही, नुसता टक लावून बघायचा. एक ओळ लिहून होईना. मला राहून राहून वाटायचं, याच्या डोक्यात चाललंय तरी काय? मी तर रोज त्याच्या डोळ्यांसमोरच बसलेली असायचे. मग आई कुठे जाते असं वाटायचं याला? मुलगी म्हणाली, "तो मठ्ठ आहे गं, त्याला सगळं खरं वाटतं." मला ते पटेना. आणि भीतीही वाटायला लागली. हा खेळ पोराला सोसत नसेल तर बंद करावा लागणार होता. तेवढा एक तास गेला की माझी कादंबरी गेली. मी स्वतःला ओळखते, दुसरा तास मी कुठून काढणार?

मग तोच म्हणाला, "मला गोराईला ने."

रविवारी चौघंही जेट्टीवर गेलो. मुलीला सुक्या मासळीचा वास नको होता, म्हणून ती आणि तिचा बाबा इकडेच भेळ खात थांबले. आम्ही दोघं स्कूटरींच्या गर्दीत बोटीत चढलो. पलीकडे उतरल्या उतरल्या धाकट्याने मागे वळून सगळा जीव एकवटून हाक मारली, "ताईऽऽ!" ताई भेळ खात राहिली. तो आणखी एकदा ओरडला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "खरंच ऐकू जात नाही."

"नाही ना."

"पण तू इथे येतच नाहीस. तू घरातच असतेस ना?"

खोटं बोलावंसं वाटेना. म्हटलं, "हो रे. घरातच असते."

"मग मी हाक मारतो ती तुला ऐकू येते?"

"तू हाक मारतोस?" मी वेड पांघरून विचारलं.

"एकदाच. हळू. तू गेलीस का ते बघायला."

मला ती हाक ऐकू यायची. एकदा "काय रे?" म्हटलं की तास हातचा गेला, म्हणून मी मान वर करायची नाही. मी म्हटलं, "येते ऐकू."

"मग ओ का देत नाहीस?"

"ओ दिली तर तुला काय हवं असतं?"

"काही नाही. मी खेळायला जाईन."

सोमवारी मी स्कार्फ बांधलाच नाही. नाहीतरी उकडतच होतं. लिहायला बसले आणि थोड्या वेळाने पाठीमागून हळूच आवाज आला, "आई."

"ओ," मी म्हटलं.

पावलं बाहेरच्या खोलीत गेली आणि फरशीवर गाडी फिरवल्याचा आवाज यायला लागला. तो परत येईल म्हणून मी पेन हातात धरून कितीतरी वेळ वाट बघत बसले. तो आला नाही.