सकाळचा नगारा

बादशहा सुखरूप उठला की किल्ल्याच्या बुरुजावर नगारा वाजायचा आणि मगच शहर दुकानं उघडायचं. नगारची म्हातारा जन्मभर हेच करत आला होता. हाताला घट्टे पडलेले, एका कानाने ठार बहिरा, तोंडाने फटकळ. "बादशहा शिंकला तरी आधी मला कळतं," असं तो तोऱ्यात सांगायचा.

आता बादशहा मेला होता आणि तेही त्याला आधी कळलं होतं.

दोघे शहजादे एकमेकांच्या उरावर बसले होते. लांबच्या सुभेदारांनी सारा पाठवणं केव्हाच सोडून दिलं होतं. पगार थकलेले शिपाई तलवारी विकून घरी गेले होते. किल्ल्याखालून वाहणाऱ्या नदीपलीकडे शत्रूचा तळ पडला होता. यावर दरबारातल्या शहाण्यांनी काय तोड काढली? नगारा वाजवत राहायचा! म्हाताऱ्याच्या पाठीशी एक नाईक उपसलेली तलवार घेऊन उभा केला, की झालं राज्य सुरक्षित.

लोक तरी काय एकेक! छपरावर चढून शत्रूच्या चुलींचा धूर बघायचे आणि खाली येऊन म्हणायचे, "नगारा वाजतोय ना? मग कशाला जीव टांगणीला लावता?"

म्हाताऱ्याची एकुलती एक लेक डोंगराकडच्या वेशीला लागून राहायची. नवरा मोहिमेवरून परतलाच नव्हता आणि तिचे दिवस भरत आले होते. दुपारी ती डबा घेऊन बुरुजावर आली.

"मावशीकडे जा गं डोंगरात, आजच्या आज," म्हातारा म्हणाला. मागे नाईकाने घसा खाकरला.

"काहीतरीच काय, बाबा! सकाळी तुमचा नगारा ऐकला की जिवाला बरं वाटतं. तो वाजतोय तोवर मी कुठे हलत नाही."

म्हाताऱ्याने डबा तसाच झाकून तिच्या हातात परत दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने नगाऱ्याच्या वाद्या आवळायची टोकदार आरी उचलली आणि नगाऱ्याचं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत टराटरा फाडलं.

"राज्य बुडवलंस, म्हाताऱ्या!" नाईक ओरडला.

"मी कसला बुडवतोय? मी फक्त वाजवायचं थांबवलं."

नाईकाने तलवार उगारली. मग त्याने खाली शहराकडे पाहिलं. त्याचीही बायकापोरं तिथेच होती. तलवार टाकून तो जिना उतरत पळाला.

आधी दारं उघडली. माणसं कान देऊन उभी राहिली. मग एकच आरडाओरडा झाला आणि सगळं शहर वेशीकडे लोटलं. नदीत शत्रूच्या नावा सुटल्या होत्या.

लेक दारात आली. वेस तिच्या हाकेवर होती. "जा, बाई, जा," म्हातारा कठडा घट्ट धरून पुटपुटत होता.

ती वळली ती उलटीच. पोटाला हात लावून, गर्दीला रेटत, किल्ल्याकडे धावत सुटली. सगळ्या शहराला कळलं होतं की बादशहा गेला. तिला वाटलं, बाप गेला.

म्हातारा ओरडला, पण त्या गोंगाटात त्याचा आवाज कुठला पोचायला! त्याने टिपऱ्या उचलल्या आणि फाटक्या नगाऱ्यावर जीव खाऊन हाणायला लागला.