डेझर्टर म्हणजे सुटलेला मणी

आमच्या ह्यांना लॅटिन येत होतं. निजामाच्या राज्यात साध्या इंग्रजीवाल्यालासुद्धा लोक वाट करून देत. लॅटिन तर ईटपासून येडशीपर्यंत दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. त्यामुळं ह्यांची चूक काढायची सोयच नव्हती.

माझ्या नणंदेचं, गंगूचं, लग्न ठरत होतं. मुलगा ईटचा, इराप्पा. लढाईवरून नुकताच घरी आलेला. रुंद खांदे, भारी मिशी. तेवढ्यात मामंजींनी येडशी स्टेशनात एक शब्द ऐकला. फौजेतला गोरा साहेब इराप्पाची चौकशी करताना त्याला 'डेझर्टर' म्हणत होता.

मामंजी चपलांसकट माजघरात आले. "आरं, डेझर्टर म्हंजी काय? हुद्दा हाय का रोग?"

ह्यांनी घसा साफ केला. (तव्यावरची भाकरी मी तेव्हाच उतरवायला हवी होती.) "तात्या, शब्द मूळचा लॅटिन. सेरेरे म्हणजे ओवणं, जोडणं. 'डे' लागला की सुटणं. डेझर्टर म्हणजे माळेतून सुटलेला मणी."

"उर्दूत सांग की. मला कळंल."

"उर्दूत एवढी खोली नाही, तात्या."

(मला नंतर कळलं, उर्दूत फरारी म्हणतात, मराठीत पळपुटा. दोन्ही शब्द आमच्या गड्यालाही ठाऊक. पण सोपं सांगितलं तर शिक्षण काय कामाचं?)

मामंजींनी डोकं खाजवलं. "सुटलेला, म्हंजी मोकळा. मागं भानगड न्हाय. व्हय ना?"

"अर्थाच्या जवळपास आहे."

सुपारी फुटली. भाकरी करपली, आणि मी मात्र नवऱ्याकडं कौतुकानं बघत होते.

लग्नाला तेरखेड्याचे फटाके आणायचं मीच सुचवलं. "जावई फौजी हाय, बार बी तसंच पायजेत."

नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या देवळापाशी आला. पहिला बार उडाला. घोडा जागेवर उभा राहिला. नवरदेव राहिला नाही! बाशिंगासकट उडी मारून तो ज्वारीत शिरला, आणि हलणारी कणसं ईटच्या दिशेनं जाताना अख्ख्या वऱ्हाडानं पाहिली.

गंगूनं मुंडावळ्या सोडून माझ्या हातात ठेवल्या. "वहिनी, मणी सुटला."

तिला पुढच्या वर्षी चांगलं घर मिळालं. त्या वेळी लॅटिन कुणी विचारलं नाही.

इराप्पाला मी वर्षानुवर्षं पळपुटा म्हणत आले. आता वाटतं, आमच्या घरातून वेळेवर सुटलेला शहाणा तो एकटाच. मी अजून ओवलेलीच आहे, आणि हे मला 'सासर' शब्दाचं मूळ समजावून सांगताहेत.